फिलिप जेम्स द लुथरबर्ग

फिलिप जेम्स द लुथरबर्ग (३१ ऑक्टोबर १७४०, स्ट्रासबुर्ग – ११ मार्च १८१२, लंडन) हे अठराव्या शतकातील चित्रकार, नेपथ्यकार आणि रंगभूमीवरील प्रकाशयोजनेचे एक आद्य प्रवर्तक होते. फ्रेंच भाषेत त्यांचे नाव फिलिप-जाक असे लिहिले जाते. समुद्रयुद्धे, वादळे आणि डोंगराळ प्रदेश यांच्या चित्रांसाठी ते त्यांच्या काळात प्रसिद्ध होते. मात्र रंगभूमीच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित झाले ते वेगळ्या कामामुळे. पहाट, दुपार, सूर्यास्त, चांदणे आणि वादळ या नैसर्गिक घटनांचे अनुकरण त्यांनी रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या साहाय्याने, ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळात रंगमंचावर घडवून आणले. १७८१ मध्ये लंडनमध्ये त्यांनी सुरू केलेला आयडोफ्युसिकॉन हा प्रयोग याच कल्पनेवर उभा होता. त्यात नट नव्हता, कथानकही जवळजवळ नव्हते. प्रेक्षक केवळ प्रकाशातील बदल पाहण्यासाठी येत.

जन्म आणि शिक्षण

लुथरबर्ग यांचा जन्म स्ट्रासबुर्ग येथे झाला. त्यांचे वडील लघुचित्रकार होते. मुलाने अभियंता व्हावे अशी वडिलांची, तर ल्यूथरपंथीय धर्मोपदेशक व्हावे अशी आईची इच्छा होती. त्यामुळे गणित आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांशी त्यांचा लहानपणीच परिचय झाला. त्यांनी निवडली मात्र चित्रकला. पुढील आयुष्यात यंत्रांची हौस आणि गूढविद्येचे वेड या दोन्ही गोष्टी त्यांच्यात सारख्याच जोमाने प्रकट झाल्या, हे पाहता आईवडिलांपैकी कोणाचीच इच्छा अगदी वाया गेली नाही, असे म्हणता येईल.

१७५५ मध्ये हे कुटुंब पॅरिसला आले. तेथे लुथरबर्ग यांनी कार्ल व्हान लो आणि त्यानंतर युद्धचित्रांसाठी नावाजलेले फ्रांचेस्को कासानोव्हा यांच्याकडे शिक्षण घेतले. हे कासानोव्हा म्हणजे आत्मचरित्रामुळे प्रसिद्ध झालेल्या जाकोमो कासानोव्हा यांचे बंधू. १७६३ च्या पॅरिसमधील वार्षिक प्रदर्शनात लुथरबर्ग यांची चित्रे मांडली गेली आणि विचारवंत व कलासमीक्षक दनी दिदरो यांनी त्यांची वाखाणणी केली. १७६७ मध्ये फ्रान्सच्या राजकीय कला अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. त्यासाठी आवश्यक असलेले वय त्यांनी तेव्हा पूर्ण केलेले नव्हते. इतके यश पदरी असतानाही १७७१ मध्ये ते लंडनला निघून गेले. पॅरिसमधील त्यांचे कौटुंबिक जीवन कलहाने आणि बदनामीने पोखरले होते.

ड्ररी लेन नाट्यगृहातील कार्य

लंडनला येताना लुथरबर्ग यांनी पॅरिसच्या ऑपेरा-कोमिकचे माजी संचालक झाँ मोने यांचे परिचयपत्र आणले होते. ते ड्ररी लेन नाट्यगृहाचे चालक आणि त्या काळचे श्रेष्ठ इंग्रज नट डेव्हिड गॅरिक यांच्या नावे होते. लुथरबर्ग यांनी गॅरिक यांच्यापुढे जो प्रस्ताव ठेवला तो त्या काळी नवा होता. तोपर्यंत पडदे एकाने रंगवावेत, यंत्रे दुसऱ्याने चालवावीत, मेणबत्त्या तिसऱ्याने लावाव्यात आणि पोशाख नटांनी आपापल्या मर्जीने करावेत, असा रिवाज होता. नेपथ्य, यंत्रे, प्रकाश आणि पोशाख या सर्वांवर एकाच व्यक्तीची नजर असावी, तरच संपूर्ण दृश्य एकजीव होईल, असे लुथरबर्ग यांचे म्हणणे होते. गॅरिक यांनी ते मान्य केले आणि वर्षाला ५०० पौंड वेतनावर त्यांची नेमणूक केली. एका नेपथ्यकारासाठी ही रक्कम फार मोठी होती.

या नेमणुकीचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या रंगमंचावरील प्रकाशाची स्थिती लक्षात घ्यावी लागते. प्रकाश मेणबत्त्यांचा आणि तेलाच्या दिव्यांचा असे. प्रेक्षागृहही उजळलेलेच राही. रंगमंचावर मोठी झुंबरे टांगलेली असत आणि त्यांतील ज्योती प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येत. युरोपच्या दौऱ्यावरून परतल्यावर गॅरिक यांनी १७६५ मध्ये ही झुंबरे काढून टाकली आणि विंगांच्या आड लपलेल्या दिव्यांची सोय केली. उजेडाचा उगम दिसेनासा झाला आणि केवळ उजेड उरला. लुथरबर्ग यांना हाच रंगमंच हाती मिळाला.

रंगीत प्रकाशाची कल्पना स्वतः लुथरबर्ग यांची नव्हती. सोळाव्या शतकात इटलीचे सेबास्तियानो सेर्लिओ यांनी रंगीत पाणी भरलेल्या काचपात्रांच्या मागे दिवे ठेवण्याची रीत सांगितली होती. १६३८ मध्ये निकोला साब्बातिनी यांनी मेणबत्त्यांवर पत्र्याच्या नळ्या वरून खाली सोडून रंगमंच हळूहळू अंधारात नेण्याची युक्ती नोंदविली होती. परंतु सेर्लिओंच्या दिव्याचा रंग एकदा ठरला की ठरला, आणि साब्बातिनींच्या नळ्यांनी तीव्रता बदले, रंग बदलत नसे. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एक रंग दुसऱ्यात विरघळत जावा, ही गोष्ट लुथरबर्ग यांनी साधली.

२७ डिसेंबर १७७३ रोजी रंगमंचावर आलेल्या ‘अ ख्रिसमस टेल’ या गॅरिक यांच्या नाटकात त्याचा पहिला मोठा प्रत्यय आला. त्यातील एका दृश्यात जादूच्या वनातील हिरवीगार झाडे पाहता पाहता रक्तवर्ण होत. पडदा बदललेला नसे, झाडेही तीच असत. विंगांमधील दिव्यांच्या पुढे निरनिराळ्या रंगांच्या रेशमी कापडाच्या चौकटी खुंट्यांवर बसविलेल्या होत्या. त्या फिरविल्या की हिरव्या रेशमाऐवजी तांबडे रेशीम दिव्यासमोर येई आणि संपूर्ण वनाचा रंग पालटे. प्रयोगातील काव्य सुमार होते याबद्दल समकालीनांत फारसा मतभेद नव्हता. लोक आले ते वनाचा रंग पाहण्यासाठी.

१७७८ मध्ये लुथरबर्ग यांनी डर्बीशायरचा प्रवास करून तेथील डोंगर, गुहा आणि दऱ्या यांची रेखाटने केली. त्यांवरून पुढील वर्षी ‘द वंडर्स ऑफ डर्बीशायर’ हा मूकनाट्याचा प्रयोग सादर झाला. लंडनच्या रंगभूमीवर काल्पनिक महाल आणि उद्यानांऐवजी देशातील प्रत्यक्ष ठिकाणे, तीही दिवसाच्या विशिष्ट वेळच्या प्रकाशात, दिसू लागली ती प्रामुख्याने या प्रयोगामुळे. १७७६ मध्ये गॅरिक निवृत्त झाल्यावर नाट्यगृहाची सूत्रे रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन यांच्याकडे आली. त्यांच्या ‘द क्रिटिक’ (१७७९) या प्रहसनाच्या अखेरीस स्पॅनिश आरमाराच्या लढाईचे जे दृश्य आहे, त्याची रचना लुथरबर्ग यांचीच होती. मात्र वेतनावरून शेरिडन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि १७८१ मध्ये त्यांनी ड्ररी लेन सोडले. त्याच वर्षी इंग्लंडच्या रॉयल अकादमीने त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले.

आयडोफ्युसिकॉन

२६ फेब्रुवारी १७८१ रोजी लेस्टर स्क्वेअरजवळील लाइल स्ट्रीट येथील आपल्या घरी लुथरबर्ग यांनी आयडोफ्युसिकॉन लोकांसाठी खुले केले. रूप, निसर्ग आणि प्रतिमा या अर्थांच्या तीन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनविले होते. चलचित्रांद्वारे निसर्गातील विविध घटनांचे अनुकरण, असे त्याचे वर्णन जाहिरातीत केले जाई. प्रवेशमूल्य ५ शिलिंग होते. ही रक्कम सामान्य लंडनकराला परवडणारी नव्हती. प्रेक्षकवर्ग उच्चभ्रूंचा होता.

रंगमंच सुमारे ६ फूट रुंद आणि ८ फूट खोल, म्हणजे एखाद्या मोठ्या कपाटाएवढाच होता. पहिल्या वर्षीच्या कार्यक्रमात पाच दृश्ये होती: ग्रेनिच उद्यानातून दिसणाऱ्या लंडनवरील पहाट, टॅंजिअर बंदरातील दुपार, नेपल्सजवळचा सूर्यास्त, भूमध्य समुद्रावरील चंद्रोदय आणि शेवटी समुद्रातील वादळ व जहाजाचे बुडणे. दृश्यांच्या मधल्या वेळात गायन-वादन होई. त्याचे संगीत मायकेल आर्न यांचे होते.

या दृश्यांची यांत्रिक बाजू आज आपल्याला ज्ञात आहे ती मुख्यतः विल्यम हेन्री पाइन या चित्रकार-लेखकाने १८२३ मध्ये लिहिलेल्या आठवणींवरून. त्या प्रयोगानंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिल्या गेल्या, त्यामुळे तपशिलाच्या बाबतीत त्या जपून वापराव्या लागतात. उदाहरणार्थ, पाइन यांनी सर्व दिवे आर्गां पद्धतीचे होते असे म्हटले आहे. एमे आर्गां यांच्या पोकळ वातीच्या आणि काचेची चिमणी असलेल्या या प्रखर दिव्याला इंग्लंडमध्ये पेटंट मिळाले ते १७८४ मध्ये. तेव्हा १७८१ च्या प्रयोगांत ते दिवे असणे संभवत नाही. ते नंतरच्या प्रयोगांत आले असावेत. रचनेचे वर्णन मात्र सुसंगत आहे.

दिव्यांची रांग दर्शनी चौकटीच्या वरच्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी बसविलेली होती. त्यामुळे प्रकाश वरून, म्हणजे आकाशातून यावा तसा येई. ही साधी वाटणारी गोष्ट महत्त्वाची होती, कारण त्या काळच्या नाट्यगृहांत मुख्य प्रकाश रंगमंचाच्या पुढील कडेवरच्या दिव्यांचा, खालून वर जाणारा असे आणि निसर्गात उजेड तसा कधीच पडत नाही. प्रत्येक दिव्यापुढे पिवळ्या, तांबड्या, हिरव्या, जांभळ्या आणि निळ्या काचेच्या पट्ट्या सरकविण्याची सोय होती. एक पट्टी सरकविली की एक छटा, दोन एकमेकींवर आणल्या की तिसरी. पहाटेच्या दृश्यात आधी केवळ धूसर करडा उजेड असे, मग क्षितिजावर फिकट केशरी कड उमटे आणि शेवटी झाडांचे शेंडे व दूरच्या इमारतींची टोके सोनेरी होत.

ढगांसाठी कापडाचा एक भलामोठा पट्टा वापरलेला होता. त्याचे क्षेत्रफळ रंगमंचाच्या दर्शनी भागाच्या अनेक पट होते. त्यावर अर्धपारदर्शक रंगांनी ढग रंगवून तो रहाटावर गुंडाळीत तिरकस वर चढविला जाई. मागून येणाऱ्या दिव्यांमुळे ढग उजळत, काळवंडत आणि क्षितिजावरून वर येऊन डोक्यावरून निघून गेल्यासारखे भासत. चंद्र म्हणजे पत्र्याची एक पेटी होती. तिच्या आत प्रखर दिवा आणि समोर सुमारे एक इंच व्यासाचे गोल छिद्र. ही पेटी ढगांच्या कापडाच्या जवळ आणली की चंद्रबिंब स्वच्छ दिसे, लांब नेली की त्याभोवती खळे पडे. चंद्रोदयाच्या दृश्यात एका बाजूस थंड चांदणे आणि दुसऱ्या बाजूस दीपगृहाचा तांबूस जाळ असा विरोध साधलेला होता.

लाटा मऊ लाकडातून कोरून, रंगवून त्यांवर चकाकते रोगण दिलेले होते. प्रत्येक लाट वेगळ्या आसावर फिरे आणि शेजारच्या दोन लाटा विरुद्ध दिशांना वळत, त्यामुळे पृष्ठभागावरील चमक सतत फुटत राही. गलबतांचे नमुने अंतराच्या प्रमाणात लहान-मोठे केलेले असत आणि दूरची गलबते जवळच्यांपेक्षा सावकाश सरकत. पुढील खडक बुचाच्या तुकड्यांचे असून त्यांवर खरे शेवाळ आणि दगडफूल चिकटविले होते. महाराष्ट्रातील वाचकाला या युक्त्या फार परक्या वाटणार नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हलता देखावा उभारणारे कार्यकर्ते फिरते रूळ, रंगीत दिवे आणि पुठ्ठ्याचे डोंगर यांतून बरेचसे असेच काम करतात. फरक एवढा की रंग बदलण्याचे काम तेथे आता विद्युत्‌नियंत्रक करतो, तर लाइल स्ट्रीटवर ते पडद्याआडच्या माणसांच्या हातांनी, संगीताच्या तालावर आणि केवळ स्मरणाने होत असे.

ध्वनीकडेही लुथरबर्ग यांनी तितकेच लक्ष दिले. साखळीने टांगलेला तांब्याचा पातळ पत्रा हलविला की मेघगर्जना होई. लांब नळीत घातलेले बारीक बी घरंगळले की पावसाचा आवाज येई. वाटाणे, शिंपले आणि लहान गोळ्या भरलेली पेटी फिरविल्यावर लाट किनाऱ्यावर आपटून मागे सरल्यासारखे वाटे. ताणून बसविलेल्या रेशमाच्या दोन चौकटी एकमेकींवर घासून वाऱ्याचे घोंगावणे निर्माण केले जाई. बुडत्या जहाजावरील संकटाच्या तोफांसाठी मोठ्या कड्यावर ताणलेल्या चर्मपत्रावर स्पंजाचा टोला मारीत.

एकदा प्रयोग चालू असतानाच शहरावर खरे वादळ आले. रंगमंचावरही तेव्हा वादळाचेच दृश्य होते. काही प्रेक्षकांनी हा दैवी कोप समजून धसका घेतला. काही मंडळी मात्र गच्चीवर गेली आणि दोन्ही गडगडाट ताडून पाहून, लुथरबर्ग यांची मेघगर्जनाच सरस असल्याचा निर्वाळा देऊन परतली, असे पाइन यांनी लिहिले आहे. हकिगत थोडी रंगविलेली असेल, पण या प्रयोगाचे समकालीनांवर काय गारुड होते ते तिच्यातून कळते.

सर जोशुआ रेनॉल्ड्झ हे रॉयल अकादमीचे अध्यक्ष प्रयोगाला वारंवार येत आणि इतरांनाही पाहण्याचा आग्रह करीत. टॉमस गेन्सबरो यांच्यावर तर त्याचा इतका परिणाम झाला की त्यांनी स्वतः काचेवर निसर्गचित्रे रंगवून ती मागून मेणबत्त्यांच्या उजेडात पाहण्याची पेटी तयार केली. ही पेटी आणि तिच्यातील चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेली आहेत. १७८१ च्या नाताळात धनाढ्य तरुण लेखक विल्यम बेकफर्ड यांनी आपल्या फॉन्टहिल येथील वाड्यातील मेजवानीसाठी प्रकाशाचे मायाजाल उभे करण्याचे काम लुथरबर्ग यांच्यावरच सोपविले होते.

१७८२ मध्ये कार्यक्रमात मिल्टनच्या महाकाव्यावर आधारलेले एक दृश्य आले: अग्नीच्या सरोवराकाठी सैतान आपले सैन्य जमवितो आणि नरकातील राजवाडा वर येतो. येथे निसर्गाच्या अनुकरणाचे बंधन सुटले. काचांच्या पट्ट्या भराभर बदलून सारे दृश्य गंधकी निळ्यातून भयाण तांबड्यात आणि तेथून फिकट पांढऱ्या झगमगाटात नेले जाई. एडवर्ड फ्रान्सिस बर्नी यांनी या दृश्याचे, समोर बसलेल्या प्रेक्षकांसह, जलरंगात चित्र काढले. ते ब्रिटिश म्युझियममध्ये असून आयडोफ्युसिकॉनचा डोळ्यांनी पाहता येईल असा तेवढाच महत्त्वाचा पुरावा उरला आहे. १७८६ च्या प्रयोगांत त्या वर्षी जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हॅल्सवेल या जहाजाचा शेवट दाखविण्यात आला. ताज्या दुर्घटनेचे असे रूपांतर करण्यास लोकांची हरकत नव्हती, उलट गर्दीच झाली. पुढे हा संच इतरांच्या हाती गेला आणि १८०० मध्ये आगीत नष्ट झाला.

ओमाई

ड्ररी लेन सोडल्यानंतर लुथरबर्ग यांचे रंगभूमीवरील सर्वांत मोठे काम म्हणजे कोव्हेंट गार्डन येथे २० डिसेंबर १७८५ रोजी सुरू झालेला ‘ओमाई’ हा प्रयोग. कॅप्टन जेम्स कुक यांच्या प्रवासांवर तो आधारलेला होता. संहिता जॉन ओकीफ यांची आणि संगीत विल्यम शील्ड यांचे होते. कुक यांच्या तिसऱ्या सफरीत सहभागी असलेले चित्रकार जॉन वेबर यांची रेखाटने व सल्ला लुथरबर्ग यांनी घेतला. पॅसिफिकमधील बेटे, बर्फाळ समुद्र आणि कामचटका यांची दृश्ये शक्य तितकी वस्तुनिष्ठ असावीत, असा प्रयत्न होता. शेवटी कुक यांना स्वर्गात नेणारे भव्य चित्र खाली उतरत असे. वस्तुनिष्ठता तेथे संपली.

गूढविद्या आणि रोगोपचार

लुथरबर्ग यांना किमयेचे आणि गूढपंथांचे आकर्षण होते. स्वतःला काउंट म्हणविणारा साहसी किमयागार काल्योस्त्रो लंडनला आला तेव्हा ते त्याच्या नादी लागले आणि १७८७ मध्ये त्याच्यामागोमाग स्वित्झर्लंडला गेले. तेथे दोघांचे भांडण झाले व लुथरबर्ग परतले. १७८९ मध्ये हॅमरस्मिथ येथील राहत्या घरी त्यांनी पत्नी ल्यूसी यांच्यासह हस्तस्पर्शाने रोग बरे करण्यास सुरुवात केली. ते यासाठी पैसे घेत नसत. दाराशी प्रचंड गर्दी होऊ लागली. मेरी प्रॅट नावाच्या अनुयायी स्त्रीने त्याच वर्षी पुस्तिका काढून सुमारे २,००० लोक बरे झाल्याचा दावा केला. त्या दाव्याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. लवकरच लोकांचा रोष ओढवला आणि हे उपचार थांबले. रात्रीचा दिवस करून दाखविणाऱ्या माणसाकडे चमत्काराची शक्ती आहे असे लोकांना वाटणे समजण्यासारखे आहे. स्वतः लुथरबर्ग यांनाही तसे वाटू लागावे हे विशेष.

चित्रे

यानंतर ते पुन्हा चित्रकलेकडे वळले आणि त्यांची उत्तम चित्रे याच काळातील आहेत. १ जून १७९४ रोजी इंग्रज व फ्रेंच आरमारांत झालेल्या लढाईचे त्यांचे विशाल चित्र (१७९५) ग्रेनिच येथे आहे. त्याला जोड म्हणूनच पुढे राजा चौथा जॉर्ज याने जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांच्याकडून ट्रफाल्गरच्या लढाईचे चित्र करवून घेतले. ‘कोलब्रुकडेल बाय नाइट’ (१८०१) या लंडनच्या सायन्स म्युझियममधील चित्रात लोखंडाच्या भट्ट्यांचा जाळ रात्रीचे आकाश पेटवितो आणि बाजूला ढगांतून चंद्र दिसतो. आयडोफ्युसिकॉनमधील चंद्रोदयाच्या दृश्यातला थंड व उष्ण प्रकाशाचा विरोधच येथे स्थिर झालेला आहे. औद्योगिक क्रांतीविषयीच्या असंख्य पुस्तकांत हे चित्र छापले जाते, पण चित्रकाराने तोच परिणाम वीस वर्षांपूर्वी काचांच्या पट्ट्यांनी साधला होता, हा उल्लेख त्यांत क्वचितच असतो. ‘अ‍ॅन अ‍ॅव्हलांच इन द आल्प्स’ (१८०३) हे हिमलोटाचे चित्र टेट संग्रहालयात आहे. वादळ आणि प्रकाश यांच्या चित्रणात टर्नर यांच्यावर लुथरबर्ग यांचा प्रभाव होता, असे कला-इतिहासकार मानतात.

प्रभाव

लुई दागेर यांनी १८२२ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या डायोरामात एकाच चित्रावर पुढून आणि मागून पडणारा प्रकाश बदलून दिवसाची रात्र केली जाई. ही कल्पना आयडोफ्युसिकॉनच्याच वळणाची होती. पुढे वायूचे दिवे आले, त्यामागून चुनप्रकाश आणि १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात विजेचे दिवे. प्रत्येक टप्प्यावर दिवा बदलला, पण रंग, तीव्रता आणि वेळ यांचा क्रम आधी ठरवून ठेवायचा, ही लुथरबर्ग यांची पद्धत तीच राहिली. आजच्या प्रकाशनियंत्रकात सूर्यास्त साठवायचा असला तरी कोणता रंग किती सेकंदांत दुसऱ्याला जागा देईल, हेच नोंदवावे लागते.

महाराष्ट्रात प्रकाशाच्या अशा स्वतंत्र खेळाचा जवळचा नातेवाईक म्हणजे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये सुरू केलेली शांबरिक खरोलिका. काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलांतून पडद्यावर पाडून, निवेदन आणि संगीतासह पौराणिक कथा त्यात दाखविल्या जात. तिचा लुथरबर्ग यांच्याशी थेट संबंध नाही. परंतु अंधाऱ्या जागेत बसून रंगीत काचेतून येणारा उजेड पाहण्यासाठी लोक येतील, हा विश्वास दोन्हीकडे समान होता. पटवर्धनांच्या काचपट्ट्या आजही जतन आहेत. लुथरबर्ग यांच्या काचांपैकी एकही नाही.

मृत्यू

११ मार्च १८१२ रोजी हॅमरस्मिथ टेरेस येथील घरी लुथरबर्ग यांचे निधन झाले. चिझिक येथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या समाधीचा आराखडा वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी केला आहे. चित्रकार विल्यम होगार्थ यांची समाधीही याच आवारात आहे.